अडकलेली रिकीब : तीन मिलिमीटर हाडाचा इतिहास

माझी माईआत्या दुसऱ्या बाळंतपणानंतर बहिरी झाली. घरात याचं कारण ठरलेलं होतं. बाळंतिणीने कान बांधले नाहीत, वारं लागलं. मला कळायला लागलं तेव्हा ती पन्नाशीला आली होती आणि तिच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून ओरडायचं हे आम्हा मुलांच्या अंगवळणी पडलं होतं. ती स्वतः मात्र फार हळू बोलायची. बहिरी माणसं ओरडून बोलतात म्हणतात, ही कुजबुजल्यासारखं बोलते, याचं सगळ्यांना नवल वाटायचं.

दुसरं नवल पिठाच्या गिरणीतलं. पट्टा फिरतोय, जातं घरघरतंय, आपल्याला शेजारच्याचं अक्षर कळत नाही, आणि माईआत्या गिरणीवाल्याशी आणि दळणाला आलेल्या बायकांशी निवांत गप्पा मारतेय, हे मी स्वतः पाहिलं आहे. एसटीतही तेच. गाडी घाट चढायला लागली की तिला सगळं ऐकू यायचं. गाडी थांबली की पुन्हा बहिरी. यावरून घरात तिला एक विशेषण चिकटलं होतं, ‘सोयीची बहिरी’. आजीने दिलेलं, पण वापरायचे सगळेच. कामाचं ऐकू येत नाही, चहाड्या बरोबर ऐकू येतात. ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका ग्रंथालयात वैद्यकाच्या इतिहासावरचं एक जाड पुस्तक सहज चाळताना मला माईआत्या भेटली. हा लेख तिथून सुरू होतो.

टॉमस विलिस हा सतराव्या शतकातला इंग्रज वैद्य. मेंदूच्या रचनेवरच्या त्याच्या कामामुळे तो प्रसिद्ध आहे. १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लॅटिन ग्रंथात एका बहिऱ्या बाईची हकिगत येते. जवळ नगारा वाजत असेल तरच तिला बोलणं ऐकू यायचं. तेव्हा नवऱ्याने नगारा वाजवणारा नोकरच घरी ठेवला, म्हणजे बायकोशी दोन शब्द बोलता यावेत. या प्रकाराला वैद्यकात आजही विलिसचंच नाव आहे. यात ढोंग नाही. गोंगाटात धडधाकट कानाची माणसं नकळत आवाज चढवून बोलतात. ज्याच्या कानापर्यंत कोणताच आवाज, गोंगाटसुद्धा, धड पोचत नाही, त्याला गोंगाटाचा त्रास होत नाही आणि चढवलेला आवाज तेवढा मिळतो. पण हे खरं व्हायला एक अट आहे. बिघाड वाटेत हवा. आतली श्रवणाची नस आणि शंख शाबूत हवेत.

वाटेत काय असतं ते शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. पडद्याच्या आत तीन हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब. घोडेस्वार पाय अडकवतो त्या रिकिबीसारखीच ही तिसरी दिसते. उंची तीन मिलिमीटरच्या आसपास, वजन तीनेक मिलिग्रॅम. माणसाच्या शरीरातलं सर्वांत लहान हाड हेच. तिचं तळपट एका अंडाकृती खिडकीत बसवलेलं असतं. खिडकीपलीकडे शंखाच्या आकाराची पोकळी, आणि तिच्यात द्रव.

या तीन हाडांची गरज काय, हे विहिरीत पोहलेल्याला सांगावं लागत नाही. डुबकी मारली की काठावरची हाक पाण्यात पोचत नाही. हवेतला आवाज पाण्यावर आपटतो आणि जवळजवळ सगळाच परत फिरतो. कानात हाच प्रश्न आहे. बाहेर हवा, आत द्रव. त्यावरचा तोडगा असा की मोठ्या पडद्यावर पडलेला दाब छोट्या तळपटावर एकवटायचा. पडद्याचा कामाचा भाग तळपटाच्या सुमारे सतरापट मोठा. शिवाय हातोडी आणि ऐरण यांची तरफ थोडी भर घालते. सगळं मिळून दाब बावीसपट होतो. मात्र त्यासाठी रिकीब खिडकीत हलती राहायला हवी. तळपटाच्या कडेला नवं हाड धरलं, दाराची चौकट पावसाळ्यात फुगावी तसं झालं, की रिकीब अडकते आणि आवाज पुन्हा काठावर राहतो. या रोगाला आज ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. तरुणपणी सुरू होतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून आत थेट पोचत असल्यामुळे अशा माणसाला तो मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलतो.

रिकीब अशी घट्ट होऊ शकते हे इटलीच्या व्हाल्साल्वाने अठराव्या शतकातच एका बहिऱ्या माणसाच्या शवात पाहिलं होतं. पण ही गंमतीची नोंद नसून बहिरेपणाचं नेहमीचं कारण आहे, हे दाखवलं जोसेफ टॉयन्बी या लंडनच्या डॉक्टराने. (इतिहासकार आर्नल्ड टॉयन्बी आपल्याकडे ठाऊक आहेत. हे त्यांचे आजोबा.) त्या काळी कानाचा डॉक्टर म्हणजे तेल घालणारा, पिचकारी मारणारा, थोडाफार भोंदूच, अशी समजूत होती. टॉयन्बीने वेगळी वाट धरली. मेलेल्या माणसांचे कान उघडून पाहायचे आणि शक्य असेल तिथे त्या माणसाला जिवंतपणी किती ऐकू येत होतं याची माहिती शेजारी ठेवायची. १८५७ साली त्याने आपल्या संग्रहाची सूची छापली. १,६५९ कानांची चिरफाड त्यात होती आणि त्यांतल्या तीसहून अधिक कानांत रिकीब अडकलेली होती. स्वतःवर प्रयोग करण्याचीही त्याला सवय होती. कर्णनादावर, म्हणजे कानात सतत येणाऱ्या गुंजारवावर, क्लोरोफॉर्मच्या वाफेचा काही उपयोग होतो का हे तपासताना ७ जुलै १८६६ रोजी तो आपल्या खोलीत मरून पडलेला सापडला. शेजारी घड्याळ आणि प्रयोगाच्या टिपणांचे कागद होते.

एकीकडे जिवंत माणसात हा बिघाड ओळखण्याचं साधनही हाताशी आलं होतं. साधा नादकाटा. १८५५ साली रिन या जर्मन डॉक्टराने दाखवलं की नादकाटा वाजवून त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवा, आवाज ऐकू येईनासा झाला की तो कानासमोर धरा. निरोगी माणसाला तो पुन्हा ऐकू येतो. वाट बंद असलेल्याला उलट हाडावरचा जास्त ऐकू येतो. दोन मिनिटांची ही परीक्षा. तिला वीज लागत नाही, पैसे लागत नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

कारण कळलं, निदान कळलं. मग अडकलेली रिकीब हलवून का पाहू नये? १८७६ साली योहानेस केसेल या जर्मन शल्यवैद्याने ते केलं. पडदा उघडायचा, ऐरण सुटी करायची आणि रिकीब हळूच ढोसून सैल करायची. सैल होईना तर काढूनच टाकायची. फ्रान्समध्ये कामिल मियो याने १८९० पर्यंत सुमारे दोनशे रुग्णांची रिकीब सैल केली. बोस्टनमध्ये ब्लेक आणि जॅक या दोघांनी १८९०च्या सुमाराला ती काढून टाकायला सुरुवात केली. जॅकच्या एका रुग्णाच्या दोन्ही रिकिबी काढलेल्या होत्या आणि दहा वर्षांनंतरही त्याला ऐकू येत होतं, अशी नोंद आहे.

मग हे थांबलं. १९०० साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यात या शस्त्रक्रियेवर कोरडे ओढले गेले. निरुपयोगी, घातक, करूच नये असा सूर लागला. विरोधकांत सीबेनमान होता आणि सर्वांत वजनदार नाव होतं व्हिएन्नाच्या आडाम पोलिट्झरचं. पोलिट्झर म्हणजे त्या शास्त्राचा अक्षरशः कुलगुरू. व्हिएन्नातलं कानाचं रुग्णालय त्याने उभं केलं, जगभरच्या डॉक्टरांना शिकवलं, कानाचे काप घेऊन हा रोग हाडाचाच आहे हे १८९३च्या सुमाराला सिद्ध केलं आणि त्याला नावही दिलं. पुढे त्याने कर्णवैद्यकाचा दोन खंडांचा इतिहास लिहिला. अशा माणसाने नको म्हटल्यावर कोण हात लावणार?

नंतरच्या लिखाणात पोलिट्झरला खलनायक करण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. १९०० साली कानात उजेड पाडायला कपाळावरचा आरसा होता, सूक्ष्मदर्शक नव्हता. खिडकीच्या पलीकडचा द्रव मेंदूभोवतीच्या द्रवाशी जोडलेला असतो. तिथे पू झाला तर मेंदुज्वर, आणि प्रतिजैविकं यायला अजून चार दशकं होती. बहिरेपणाने कुणी मरत नाही, शस्त्रक्रियेने मरू शकतं. तेव्हाचा निर्णय तेव्हाच्या हिशेबाने बरोबरच होता. चूक झाली ती नंतर. ‘आत्ता करू नका’ याचं पाठ्यपुस्तकांत ‘करता येत नाही’ असं झालं. पिढ्या बदलल्या, साधनं बदलली, आणि ते वाक्य कुणी पुन्हा तपासलं नाही. केसेल, मियो, जॅक यांचे निबंध ग्रंथालयांत होते, पण जे करायचंच नाही त्याचे निबंध कोण वाचतो?

मधल्या पन्नास वर्षांत लोक स्वस्थ बसले नव्हते. रिकिबीला हात लावायचा नाही ना, मग तिला वळसा घालू, असा विचार झाला. आतल्या अर्धवर्तुळाकार नळीला दुसरी खिडकी पाडायची आणि आवाज तिथून आत न्यायचा. स्वीडनमध्ये होल्मग्रेनने यासाठी खटपट केली. त्या खटपटीतूनच १९२१ साली नीलेनने शस्त्रक्रियेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरला आणि पाठोपाठ होल्मग्रेनने दोन डोळ्यांचा. आज डोळ्यांच्या, मेंदूच्या शस्त्रक्रियांत सूक्ष्मदर्शकाशिवाय पान हलत नाही. त्याचं शस्त्रक्रियागृहात येणं कानाच्या वाटेने झालं. फ्रान्समधल्या नान्तच्या सूर्दीयने ही खिडकी टप्प्याटप्प्याने, अनेक शस्त्रक्रिया करून, टिकवून दाखवली. १९३७ साली त्याने न्यूयॉर्कला व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांत ज्यूलियस लेम्पर्ट होता. पोलंडमधून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला, कोणत्याही विद्यापीठात जागा नसलेला. त्याने पुढच्याच वर्षी सगळे टप्पे एका शस्त्रक्रियेत बसवले, त्यासाठी दंतवैद्याचं ड्रिल वापरलं, आणि मोठमोठे प्राध्यापक त्याच्या खासगी रुग्णालयात फी भरून शिकायला येऊ लागले. हजारो लोकांना ऐकू यायला लागलं. पण पुरतं नाही. हाडांची साखळीच वगळल्यामुळे तो बावीसपटीचा लाभ हातचा जायचा. शिवाय कानामागे पोकळी राहायची, ती जन्मभर डॉक्टरकडून साफ करून घ्यावी लागायची. चक्कर यायची ती वेगळीच.

सॅम्युएल रोझेन लेम्पर्टकडेच शिकलेला. न्यूयॉर्कमधल्या या सज्जन डॉक्टराचा प्रश्न साधा होता. एवढी मोठी शस्त्रक्रिया करण्याआधी रिकीब खरोखर अडकलेली आहे याची खात्री करून घेऊ नये का? त्यासाठी पडदा उचलून सळईने रिकीब चाचपायची. शवांवर त्याने हे हाताला वळण लागेपर्यंत केलं. १९५२ साली एका रुग्णावर तो अशी चाचपणी करत होता. रुग्णाला पूर्ण भूल दिलेली नव्हती, फक्त जागा बधिर केली होती. सळईच्या दाबाने रिकीब सुटली. टेबलावरच्या माणसाला ऐकू येऊ लागलं आणि त्याने तसं सांगितलं. मोठ्या शस्त्रक्रियेची गरजच उरली नाही. रोझेनने याला योगायोग म्हणून सोडून दिलं नाही. पुन्हा शवांकडे गेला, किती जोर लावायचा, कुठे लावायचा हे ठरवलं आणि मग मुद्दाम तेच करू लागला. केसेलने १८७६ला केलेलं शहात्तर वर्षांनी पुन्हा झालं.

त्याच्यावर सहकाऱ्यांनी टीकाही भरपूर केली. शिवाय दोष खराच होता. बऱ्याच जणांची सुटलेली रिकीब काही महिन्यांत पुन्हा धरायची. तरी रोझेन देशोदेशी जाऊन ही पद्धत शिकवत राहिला. याच माणसाने पुढे सुदानमधल्या मबान जमातीचे कान तपासले. ढोलसुद्धा नसलेल्या त्या शांत मुलखातल्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांना अमेरिकेतल्या त्याच वयाच्या लोकांपेक्षा कितीतरी चांगलं ऐकू येतं, असं त्याने १९६२ साली प्रसिद्ध केलं. दिवाळीत फटाक्यांच्या धुरात हे वाचणाऱ्याने काय ते समजून घ्यावं.

शेवटचं पाऊल मेम्फिसच्या जॉन शेने टाकलं. वय तिशीच्या आतबाहेर. तो काही काळ व्हिएन्नात शिकायला होता आणि तिथे त्याने ते कुणी न वाचणारे जुने निबंध वाचले. त्याला दिसलं की रिकीब काढून टाकलेल्या माणसांपैकी काहींना खरोखरच ऐकू येत होतं. कमी होतं ते दोन गोष्टींचं. उघड्या खिडकीवर झाकण हवं आणि ऐरणीपासून त्या झाकणापर्यंत नवी काडी हवी. झाकण शरीरातल्याच पातळ ऊतीचं करता आलं. काडीसाठी असा पदार्थ हवा होता की जो शरीराला टोचणार नाही. हॅरी ट्रीस या तंत्रज्ञाने टेफ्लॉन सुचवलं आणि त्यातून रिकिबीची हुबेहूब प्रतिकृती कोरून दिली. ज्या टेफ्लॉनचे न चिकटणारे तवे पुढे आपल्या स्वयंपाकघरात आले, तेच हे. १ मे १९५६ रोजी शेने ५४ वर्षांच्या एका गृहिणीची रिकीब काढून तिथे टेफ्लॉनची बसवली. श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही इतकं तिचं ऐकणं गेलं होतं. ते परत आलं.

पुढची पंधरा-वीस वर्षं या शस्त्रक्रियेचा सुकाळ होता. पन्नास वर्षांचे साठलेले रुग्ण होते. ते संपले तशा शस्त्रक्रिया कमी झाल्या. आता तर संपूर्ण रिकीब काढतही नाहीत. तळपटाला मिलिमीटरपेक्षा लहान भोक पाडतात, बरेचदा लेझरने, आणि त्यात बारीक दट्ट्या बसवतात. शंभरात एखाद्याचा कान कायमचा जातो, हा धोका मात्र राहिला आहे.

रोग का होतो, याचं उत्तर अजून तुकड्यातुकड्यांत आहे. इथे एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. आपल्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी मोडून नवा बांधला जातो. शंखाभोवतीचं हाड मात्र एकदा बनलं की जवळजवळ जन्मभर तसंच राहतं. शरीरातलं सर्वांत कठीण हाड ते. म्हणूनच प्राचीन डीएनए शोधणारे आता कवटीचा हाच भाग मागतात. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी राखीगढीत काढलेल्या सांगाड्यांपैकी एका स्त्रीचा जनुकसंच २०१९ साली प्रसिद्ध झाला, तोही कानाच्या याच हाडातून मिळाला. ओटोस्क्लेरोसिसमध्ये, न बदलणारं हे हाड अचानक बदलू लागतं. कुणी म्हणतं गोवराच्या विषाणूमुळे. काढलेल्या तळपटांत काही प्रयोगशाळांना त्याचे अंश सापडले, काहींना नाहीत. पण जर्मनीत गोवराच्या लसीनंतर हा रोग कमी झाल्याचं दिसलं आहे. २०२३ साली फिनलंड, एस्टोनिया आणि ब्रिटन इथल्या साडेतीन हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जनुकसंचातल्या २७ जागा या रोगाशी निगडित निघाल्या, त्यांतल्या कितीतरी हाडांच्या घडणीशी संबंधित आहेत. निलगिरीतल्या तोडा लोकांत हा रोग फार, हे १९६०च्या दशकातच भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. आणि बाळंतपण? पूर्वी डॉक्टरसुद्धा तेच कारण सांगत, अशा बायकांना मूल होऊ देऊ नका असा सल्ला देत. अलीकडच्या पाहण्यांनी त्यावर बरीच शंका घेतली आहे. वारं तर कुठेच नाही.

बेथोव्हेनचा बहिरेपणा हाच होता, असं पुष्कळांनी लिहिलं आहे. १८२७ साली त्याच्या शवाची तपासणी करताना वाग्नरने कानाची हाडं काढून घेतली आणि ती पुढे हरवली, त्यामुळे वाद संपायला वाव नाही. वाग्नरने श्रवणाच्या नसा आक्रसल्याचं लिहिलं आहे, ते या रोगाशी जुळत नाही. २०२३ साली त्याच्या केसांच्या बटांतून जनुकसंच वाचला गेला. यकृताच्या आजाराचा माग लागला, बहिरेपणाचा लागला नाही. ज्या प्रसिद्ध बटेवरून पूर्वी शिशाच्या विषबाधेचा सिद्धांत मांडला होता, ती एका बाईची निघाली. वर्षभराने खऱ्या बटांतही शिसं भरपूर सापडलं. म्हणजे सिद्धांत मेला आणि लगेच अर्धा जिवंत झाला. तेवढंही शिसं एकट्याने जीव घ्यायला पुरेसं नाही, असं मोजणाऱ्यांनीच लिहिलं आहे.

माईआत्याला १९६८च्या सुमाराला मुंबईला नेऊन एका बड्या डॉक्टरांना दाखवलं होतं. नस गेली आहे, इलाज नाही, असं ते म्हणाले. नादकाटा त्यांनी काढला नव्हता. शेची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मग वीस वर्षांनी, मोतिबिंदूच्या कामासाठी पुण्यात असताना, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानामागे नादकाटा टेकवला. माईआत्या दचकली. “घंटा कुठं वाजतीय ग बाई?” असं तिने विचारलं. बाईंनी तिला कागदावर रिकीब काढून दाखवली, शस्त्रक्रिया सांगितली, शंभरातल्या एकाचं सांगितलं. तिने सगळं नीट विचारून घेतलं आणि नको म्हणाली. आहे तेवढंही गेलं तर गिरणीत तरी काय ऐकू, असा तिचा हिशेब होता.

श्रवणयंत्र मात्र घेतलं. आत शाबूत असल्यामुळे ते तिला चांगलं लागलं आणि त्यानंतर तिच्यासमोर ‘सोयीची बहिरी’ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दळणाला शेवटपर्यंत तीच जायची. गिरणीच्या पायरीवर डबा टेकवायची, यंत्र कानातून काढून रुमालात गुंडाळायची, कनवटीला लावायची, आणि आत जायची.